शिपिंग लाइन्सकडून सक्तीनं माहिती मागायचा अधिकार सरकारला असावा का?

खारा_वारा:
अमेरिकेच्या फेडरल मॅरिटाइम कमिशनला (सागरी मालवाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १९८४ च्या शिपिंग ॲक्टनुसार लाइन्सकडून, म्हणजे मालवाहू जहाज कंपन्यांकडून, कागदपत्रं, दर, हिशोब मागवता येतात, तेही शपथेवर, आणि त्यासाठी आधी केस चालू असायची गरज नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं वर आणखी भर, दर तिमाहीला जहाजागणिक किती टन आयात-निर्यात, किती भरलेले किती रिकामे कंटेनर ते कळवा. मला तर हे अतीच वाटतं. चूक केली तर पकडा ना, आधीच झडती कशाला?

डोलकाठी:
ह्या लाइन्सना अँटी-ट्रस्टमधून (स्पर्धकांनी संगनमत करू नये म्हणून असलेले कायदे) सूट आहे हे बरं विसरलात. दुसऱ्या धंद्यात स्पर्धकांनी एकत्र बसून कुठल्या मार्गावर किती जहाजं सोडायची ठरवलं तर लगेच खटला, इथे करार कमिशनकडे फाइल केला की झालं. मग वह्या दाखवायला काय जातं? आणि रिकाम्या डब्यांचा आकडा उगाच नाही मागितला, २०२१ मध्ये आशियाहून येणाऱ्या मालाचं भाडं इतकं चढलं की लाइन्स डबे (कंटेनर) रिकामेच परत आशियाकडे पळवत होत्या, अमेरिकेतले शेतमाल निर्यातदार बुकिंगसाठी ताटकळत.

खारा_वारा:
आकडे मागून गर्दी हटली का पण? लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरांबाहेर शंभरावर जहाजं ताटकळली होती, ती मागणी ओसरल्यावर हलली. रिपोर्ट बनवायचा खर्च मात्र शेवटी भाड्यातच येणार.

डिमरेजग्रस्त:
मी फॉरवर्डिंगमध्ये आहे (गिऱ्हाइकाचा माल पाठवायची व्यवस्था बघतो), त्या काळात अमेरिकेतल्या एका टर्मिनलवर रिकामा डबा परत द्यायला अपॉइंटमेंटच मिळेना आणि डिटेन्शनचं (डबा उशिरा परत केल्याच्या दंडाचं) बिल मात्र वेळेवर हजर, तारखा विचारल्या तर म्हणे सिस्टीममधून आलंय. (सिस्टीम म्हणजे कोण, हे अजून कळलेलं नाही.) आता बिलावर फ्री टाइम (दंडाशिवाय डबा ठेवायची मुदत) कधी सुरू झाला कधी संपला हे लिहावंच लागतं, नसेल तर पैसे भरायचं बंधन नाही. तिमाही टनांचं मला काही पडलेलं नाही, पण ही सक्ती हवीच होती.

खारा_वारा:
बिलाचं मान्य. माझी भीती वेगळी आहे, उद्या गिऱ्हाइकांचे दर फुटले तर?

डोलकाठी:
अहो सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट (लाइन आणि गिऱ्हाइकाचे दरांचे करार) तर कितीतरी वर्षं कमिशनकडे गोपनीय म्हणून फाइल होतातच की, तेव्हा नाही वाटली भीती?