जर्नल क्लब: स्लाइड बंद करा, वॉर्डातला पेशंट घेऊन बसा

धागा – मेडिसिनची प्राध्यापिका, नाशिक

आमच्याकडे दर गुरुवारी जर्नल क्लब होतो, म्हणजे संशोधनाचा एक पेपर वाचून त्यावर चर्चा. एक जेआर-टू (दुसऱ्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट) चाळीस स्लाइड वाचून दाखवतो, मागची रांग पेंगते, कुणीतरी सॅम्पल साइझ विचारतं आणि लॉगबुकवर सही होते. वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि यात मुलांचं नुकसान आहे.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडून ऑरगॅनोफॉस्फरस (कीटकनाशकाच्या) विषबाधेचा पेशंट आला. ॲट्रोपीन हा उतारा चालू झाला, पण पॅम (प्रालिडॉक्साइम) हा दुसरा उतारा द्यायचा की नाही यावर दोन रेसिडेंट अडले. एकीने बारामतीचा २००६ चा अभ्यास काढला: २०० रुग्ण, पॅम सलग इन्फ्युजनने (थेंबाथेंबाने शिरेतून) दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दर चार तासांनी डोस दिलेल्यांत ८ टक्के. दुसऱ्याने श्रीलंकेचा २००९ चा: २३५ रुग्ण, पॅम दिलेल्यांत २४.८ टक्के दगावले, त्याऐवजी नुसतं सलाईन दिलेल्यांत १५.८. त्या मुलीने केसपेपरच्या मागे दोन चौकटी काढल्या, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बारामतीत पॅम न दिलेला गटच नाही. दोघांनाही आधी २ ग्रॅम दिलंय." म्हणजे एकाचा प्रश्न 'पॅम कसं द्यायचं' हा होता, दुसऱ्याचा 'द्यायचं का'. हे तिला चाळीस स्लाइडमधून कळलं नसतं. पेपर वॉर्डातूनच निवडायचा, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद – जेआर-थ्री

मॅडम, मला हे पटत नाही. त्या दिवशी तुम्ही शेजारी उभ्या होतात म्हणून चर्चा झाली. एरवी पेशंटसाठी पेपर शोधायला बसलं की युनिटच्या सरांना जे आधीच वाटतं, त्याला दुजोरा देणाराच पेपर सापडतो. ज्युनियरने उलटा पेपर आणला तर राउंडवर त्याचं काय होतं, ते आम्ही पाहिलंय. शिवाय छत्तीस तासांची ड्यूटी उतरून आलेल्या माणसाकडून 'मोकळी चर्चा' कशी होणार? स्लाइड असली की निदान मुद्दे तरी हाती लागतात.

प्रतिसाद – निवृत्त प्राध्यापक, शल्यचिकित्सा

विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरने १८७५ मध्ये माँट्रियलला जर्नल क्लब काढला, तो महागडी जर्नलं एकेकट्याला परवडत नव्हती म्हणून. तेव्हा पेपर मिळणं अवघड होतं, आता निवडणं. पण स्लाइड काढू नका. उभं राहून नीट मांडता येणं हेही शिक्षणच आहे. आणि पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातला संख्याशास्त्र जाणणारा माणूस खोलीत हवाच. श्रीलंकेचा तो फरक कॉन्फिडन्स इंटरव्हलमुळे (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो, तो इथे रुंद आहे) निर्णायक ठरत नाही, हे तुमच्या मुलांना कुणी सांगितलं का? नाहीतर 'पॅमने माणसं मरतात' एवढंच घेऊन जातील ती.

प्रतिसाद – वैद्यकीय अधिकारी, सुरगाणा

मी मॅडमच्या बाजूने. इथे रात्री विषबाधेचा पेशंट येतो तेव्हा मी एकटा असतो, व्हेंटिलेटर नाही, नाशिक दोन-अडीच तास लांब. बारामतीच्या त्या रुग्णांना आयसीयू होतं. तो आकडा माझ्या खाटेवरच्या माणसाला लागू होतो का, हे विचारायला मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. माझे जर्नल क्लब लॉगबुकात भरलेले आहेत, डोक्यात एकही नाही.

धागालेखिका

जेआर-थ्री, दुजोऱ्याचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो खरा आहे. म्हणून एका प्रश्नावर दोघांनी दोन उलट पेपर आणायचे. शिक्षकाने शेवटी बोलायचं, मीसुद्धा. पोस्ट-ड्यूटी असलेल्याला सुट्टी. सर, संख्याशास्त्राचं माणूस बोलावते. श्रीलंकेबद्दल मी ते त्या दिवशी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. स्लाइडबाबत मात्र मागे हटणार नाही. पेपरच्या प्रती काढू आणि मेथड्सचं (अभ्यास कसा केला त्याचं) पान सगळ्यांनी तिथेच वाचू.

जेआर-थ्री

शिक्षक शेवटी बोलणार असतील तर मी पहिला पेपर घेते. पॅमच्या विरोधातला.