ऑपरेटिंग सिस्टम डेबियन १२ केल्यापासून मेल सर्व्हर रखडतोय, काय बघू?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी, आमच्या पतसंस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. पोस्टफिक्स (मेलची ने-आण), डव्हकॉट (मेलबॉक्स), अमाविस (मेल तपासणीला पाठवणारा), क्लॅमएव्ही (अँटिव्हायरस), ४ जीबी रॅम, साधारण ६० खाती. रविवारी डेबियन ११ चं १२ केलं, तेव्हापासून दिवसातून तीन-चारदा मेल सात-आठ मिनिटं अडकतात आणि मग एकदम धबाधबा येतात. खर्चाला मंजुरी नाही, एक रुपयाही नाही, आहे त्यात भागवायचंय.

नाशिककर८१: गूगल वर्कस्पेसवर जा सरळ. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो, तेव्हापासून रात्री फोन नाही.

कृष्णाकाठ: खर्च नाही म्हटलंय हो वरती.

टर्मिनल_तात्या: एसएसडी टाका, माझा सर्व्हर तर उडायला लागला.

वऱ्हाडी_रूट: आधी डीएनएस बघा भाऊ. माझ्याकडे रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा) गूगलचा ८.८.८.८ होता आणि स्पॅमहाउस, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणारे, पब्लिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या चौकशा घेत नाही, स्वतःचा रिझॉल्व्हर अनबाउंड टाकला तेव्हा सुटलो.

पोर्ट२५: त्याने मेल हळू होत नाही. स्पॅमहाउसवाले १२७.२५५.२५५.२५४ असं एरर-उत्तर देतात, आणि सेटिंग चुकलं असेल तर चांगले मेलही रिजेक्ट होतात. तो वेगळा आजार.

वऱ्हाडी_रूट: मी भोगलंय म्हणून सांगतोय.

पोर्ट२५: कृष्णाकाठ, मेल लॉगमध्ये 'डिलेज' पुढे चार आकडे (सेकंदांत) असतात ते द्या. पहिला क्यू मॅनेजरकडे (पोस्टफिक्सची मेलची रांग सांभाळणारा) यायच्या आधीचा वेळ, दुसरा क्यू मॅनेजरमधला, तिसरा कनेक्शन जुळवायचा (डीएनएस आणि टीएलएस एन्क्रिप्शन यातच येतं), चौथा मेल पोचवायचा. चौथा फुगलेला आणि रिले (मेल पुढे कुठे दिला ते) १२७.०.०.१ पोर्ट १००२४, म्हणजे याच मशीनवरचा अमाविस, असेल तर अमाविस-क्लॅमकडेच बघा.

कृष्णाकाठ: ०.२/१८०/०/२४०, रिले तोच. तेव्हाच स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पण पूर्ण भरलेला.

नाशिककर८१: म्हणूनच म्हटलं वर्कस्पेस.

पोर्ट२५: सापडलं मग. क्लॅमडी (क्लॅमएव्हीचा सतत चालणारा भाग) आवृत्ती ०.१०३ पासून नव्या सिग्नेचर (व्हायरसच्या खुणा) चढवताना जुन्याही मेमरीत ठेवतो, एरवीच त्याला जीबीभर लागते, तेवढ्या वेळात दुप्पट. त्याच्या कॉन्फिगमध्ये कॉन्करंट डेटाबेस रीलोड 'नो' करा. रीलोड होईपर्यंत स्कॅन थांबेल, पण स्वॅपमध्ये जाणार नाही.

टर्मिनल_तात्या: क्लॅम बंदच करा, काही पकडत नाही तो. नाहीतर ८ जीबी रॅम घ्या.

वऱ्हाडी_रूट: हो, बंदच करा.

कृष्णाकाठ: बंद नाही करणार, मागच्या मार्चमध्ये अकाउंट्सच्या बाईंना आलेलं खोटं बिल त्यानेच अडवलं होतं. आणि चूक माझीच निघाली. अपग्रेड करताना कॉन्फिग फाइल नवीन घेऊ का असं विचारलं तेव्हा मी घाईत वाय दाबलं, बॅकअपमधल्या जुन्या फाइलीत ती 'नो' ची ओळ आहे. ती परत टाकली. शिवाय फ्रेशक्लॅमची (सिग्नेचर उतरवणारा) सर्व्हिस बंद करून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा) पहाटे ३ ला लावलाय.

पोर्ट२५: 'नो' पुरेसं होतं. दिवसभर सिग्नेचर शिळ्या राहतील, क्रॉन काढा.

कृष्णाकाठ: कामाच्या वेळेत एक मिनिटही मेल थांबलेला मला परवडत नाही, क्रॉन राहू दे. आज सकाळी ११ ला चौथा आकडा १.८ होता.