मदत हवी आहे: मामांची मुलाखत कशी रेकॉर्ड करू?

माझे मामा आयुष्यभर चित्रपट संकलनात होते, शेवटची काही वर्षं टीव्हीत. त्यांच्या कामाच्या आठवणी नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. पहिली बैठक फसलीच. ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हटलं की नटनट्यांचे तेच ते किस्से सुरू होतात. मग चहा पिताना सहज विचारलं, फिल्म जोडायचे कशी? तर हातवारे करत अर्धा तास बोलले. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं, सगळं तोंडपाठ. आणि रेकॉर्डर बंद!

अमेरिकेत टेलिव्हिजन अकॅडमी फाउंडेशन १९९७ पासून अशा दीर्घ मुलाखती घेतंय, पडद्यामागच्या लोकांच्याही. तसं काही जमावं असं वाटतं.

कुणी असं काम केलंय का? तारखा चुकल्या तर तिथेच टोकावं की नंतर टीप लिहावी? जुन्या यंत्रांचे फोटो समोर ठेवले तर आठवणी खुलतात का? आणि खरी अडचण म्हणजे हयात सहकाऱ्यांबद्दल ते फार कडवट बोलतात. तो भाग ठेवायचा का, आणि मामांची लेखी संमती आधी घ्यावी की सगळं ऐकवून झाल्यावर?