आगमनकाळ आणि मैदान

कुणीतरी म्हटलंय की आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या आठवड्यांत, चर्चच्या पाळकाने प्रार्थनेत असावं, पोरांबरोबर फुटबॉल खेळत बसू नये. मला हे पटत नाही. याच काळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा संदेश वाचला जातो. लोक त्याला विचारतात, ‘आम्ही काय करावं?’ तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या (बायबल, लूक ३). वाट पाहायची ती अशी, हात चालते ठेवून!

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा सेल्टिक फुटबॉल क्लब १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) बंधूंनी काढला, तो पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून. सामन्याच्या तिकिटातून पोरांच्या ताटात अन्न. याहून सरळ सेवा कोणती?

आमचे पाळक सरावाआधी गुडघे टेकून लहानग्यांच्या बुटांच्या नाड्या बांधतात, तेव्हा मला योहानाच्या शुभवर्तमानातलं (अध्याय १३) येशूने शिष्यांचे पाय धुणं आठवतं. मुलं त्यांच्याशी घरातलं बोलतात तेही तिथेच, उपासनेनंतरच्या गर्दीत नाही. एक मात्र खरं, खेळाच्या बदल्यात कुणावर उपासनेला यायची सक्ती नको. आणि राखीव बाकावरच्या पोरालाही खेळायला मिळालंच पाहिजे, सामना हातचा गेला तरी चालेल.