चाळीस जणांचा संघ, आमचे सहा आणि सांघिक चषक

पवनीकर
मास्टर्स म्हणजे पंचविशीच्या पुढच्यांच्या पोहण्याच्या स्पर्धा. त्यावर परवा इथं एका भाऊंनी लिहिलं, "मास्टर्सचा सांघिक चषक पाहिजे असेल तर रडू नका, माणसं आणा. पॉइंट पाण्यात मिळतात." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉइंट पाण्यात नाही, प्रवेशअर्जावर मिळतात. यंदाच्या स्पर्धेत पहिल्याला 5, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1 आणि रिलेला सगळं दुप्पट होतं. आम्ही गावचे सहा जण, चार पुरुष आणि दोन बाया, पहाटे गाडी करून गेलो. शहराचा संघ चाळीस जणांचा. पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट, त्यात पुरुष-महिला वेगळे, त्यात प्रत्येक स्ट्रोक, म्हणजे पोहण्याची पद्धत, वेगळा. अर्ध्या शर्यतींत एक नाहीतर दोनच नावं. एकटा उतरला, काठाला लागला, 5 पॉइंट फुकट. आमचा 36 वर्षांचा पोरगा आठ जणांत चौथा आला, त्याला शून्य.

रिलेत चौघांच्या वयाची बेरीज धरतात. आमचे चौघे 36, 41, 52 आणि 63. बेरीज 192, म्हणजे 160 ते 199 चा गट. समोर शहराचे चार जण, चौघेही चाळीसचे, बेरीज बरोबर 160. शेवटच्या लॅपला आमच्या 63 वर्षांच्या काकांसमोर चाळिशीचा गडी. काका काठाला आले तेव्हा समोरचे चौघे टॉवेल गुंडाळून उभे होते. नियमात बसतं, पण बेरीज जुळवायला हाताशी माणसं लागतात आणि आमच्याकडे चारच होते.

माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक संघाचे सगळ्यात चांगले दहा निकाल धरा, नाहीतर लहान आणि मोठ्या संघांना वेगळा चषक द्या. अमेरिकेत मास्टर्सच्या कितीतरी स्पर्धांत संघांचे असे गट पाडतात.

टँकवाला
ते वाक्य माझंच आणि मी ते मागे घेत नाही. आमचे चाळीस जण आभाळातून पडले नाहीत. बारा वर्षं पहाटे पाचला टँकवर उभा राहतो मी. पन्नाशीत बीपीच्या गोळ्या सुरू झालेल्या माणसाला पाण्यात तोंड घालायला शिकवायला दोन महिने जातात. सांघिक चषक त्या मेहनतीचा आहे. दहाच निकाल धरले तर अकरावा माणूस, जो हळू पोहतो पण रोज येतो, तो घरीच बसेल. तुमच्या भंडारा जिल्ह्यात तर पावलोपावली मालगुजारी तलाव, वर वैनगंगा. पोहणारे का येत नाहीत, ते आधी सांगा.

पूर्णाकाठ
मी सांगतो काऊन येत नाहीत. आले होते ना भाऊ! माह्या मामाले मी नेलं होतं, 54 वर्षांचा मानूस. पाठीले डबा बांधून विहिरीत शिकला, पुरातून म्हशी काढल्या त्यानं. ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत सगळ्याइच्या पुढं होता. वळताना भिंतीले एक हात लावला, झाला बाद. त्याले कोनी धड समजावलं बी नाही, नुसता कागद दाखवला. परत येताना बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. आता कोन येईन?

शिट्टी
मी पंच म्हणून काम करतो, त्यामुळे हे मनाला लागलं. ब्रेस्ट आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागलेच पाहिजेत. हा नियम जगभर आहे, खेड्यातल्यांसाठी काढलेला नाही. तलावात म्हशींसोबत शिकलो म्हणून सूट मागायची असेल तर स्पर्धेत उतरूच नये.

पूर्णाकाठ
म्हशीचं नाव काढू नका. सूट कोनं मागितली? सांगा म्हन्लं आधी!

पवनीकर
शिट्टी, हे बोलणं शोभत नाही. शर्यतीच्या आधी पाच मिनिटं मराठीत नियम सांगितले असते तर तो माणूस बाद झाला नसता.

शिट्टी
म्हशींचं बोललो ते चुकलं. पण मग हेही ऐका. मास्टर्सला ठोकळ्यावरून सूर मारायची सक्ती नाही, काठावरून किंवा पाण्यात भिंतीला धरूनही सुरुवात करता येते. बटरफ्लायला ब्रेस्टची लाथ चालते. फ्रीस्टाइलला मुंडी वर काढून पोहलात तरी कोणी बाद करत नाही.

पूर्णाकाठ
हे आज समजून राह्यलं मले! मामानं त्या ठोकळ्यावरून उडी घेतली तं पोट आपटलं, लालभडक झालं होतं. पाण्यातून सुरुवात करता येते हे तिथं एकानंही सांगितलं नाही.

शिट्टी
सांगायला हवं होतं. तेवढं मान्य.

गणिताचे सर
वेळेवर गुण द्या, वाद मिटतो. त्या वयोगटाच्या विक्रमाला 1000 गुण धरायचे आणि विक्रमाच्या वेळेला आपल्या वेळेने भागून घन करायचा. सव्वापट वेळ लागली तर 512, दुप्पट लागली तर 125. मग एकटा उतरला तरी फुकट काही मिळत नाही.

विहीरवाली
"फुकट" हा शब्द दोनदा वाचला म्हणून लिहिते. माझं वय 61. माझ्या गटात मी एकटीच होते. लहानपणी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि मी पायरीवर त्यांचे कपडे सांभाळायची. सून टँकवर घेऊन गेली तेव्हा 58 वर्षांची होते. लोक काय म्हणतील म्हणून पहिला महिना अंगभर कपड्यांत पाण्यात उभी राहिले. त्या दिवशी 50 मीटरमध्ये तीनदा दोरीला हात लावावासा वाटला, लावला नाही. माझ्यासमोर कोणी नव्हतं, कारण माझ्या वयाच्या बायांना घरून कोणी सोडलं नाही. विक्रमाशी तुलना केली तर माझ्या हाती काय येईल, सर? ते 5 पॉइंट माझ्या संघाला मिळाले आणि ते मी परत देणार नाही.

पवनीकर
ताई, "फुकट" मागे घेतो. तुमच्या पॉइंटांवर माझा डोळा नव्हता, पण माझ्या लिहिण्यातून तोच अर्थ निघाला. तरी संघांचे गट पाडायची मागणी सोडत नाही.

टँकवाला
गट पाडायला माझा विरोध कायम आहे. पण एकाच संघाच्या तीन-तीन रिलेंना दुप्पट पॉइंट देणं जास्त होतं. एका गटात संघाची एकच रिले मोजा, असं पत्र आयोजकांना लिहिणार असाल तर सही करतो. आणि पुढच्या स्पर्धेआधी त्या मामांना एक दिवस आमच्या टँकवर पाठवा. वळताना दोन्ही हात कसे लावायचे ते मी दाखवतो.

पूर्णाकाठ
इचारून पाह्यतो. येतीन का नाही, आत्ता सांगू शकत नाही.