दवाखान्याची पायरी : तुम्ही कशी चढलात?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घरात त्यात दवाखान्याचीही भर होती. आजोबा म्हणायचे, डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघतंच. या 'निघतंच'ने माझे साडेतीन महिने खाल्ले.

मागच्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते. आंघोळीत साबण लावताना डाव्या स्तनात हाताला काहीतरी लागलं. भिजवलेल्या वाटाण्याएवढं, गोल, बोटाखालून सटकणारं. वय ४४. पहिला आठवडाभर दिवसातून दहादा चाचपायचे. बाथरूममध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर रिक्षात ओढणीआड. मग एकदम उलटं झालं, ती बाजू धुवायचीच टाळायला लागले. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं की जावं लागणार. रात्री मोबाइलवर वाचायचे आणि सकाळी सगळी हिस्ट्री पुसून टाकायचे.

धीर वगैरे काही आला नाही मला. पोळ्या करणाऱ्या मावशी एका सकाळी म्हणाल्या, "ताई, सारखा हात तिथंच का जातो तुमचा? गाठ हाय का?" इतकं सरळ कोणी विचारलंच नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून रडले. तव्यावरची पोळी जळाली. मावशींनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "फोन लावा. माझ्यासमोर लावा."

सर्जनबाईंनी हाताने तपासलं, मग मॅमोग्राफी, मग सोनोग्राफी. मॅमोग्राफीत दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, ते दुखतं, खोटं सांगणार नाही, पण मोजून काही सेकंद. सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली. सुईने पाणी काढलं, फिकट हिरवट, जेमतेम चार मिली. गाठ तिथल्या तिथे बसली. साडेतीन महिने कशाला घाबरले होते ते त्या सिरिंजमध्ये बघून हसू आलं, आणि रागही.

'वेळेवर तपासणी करा' हे सगळ्यांना पाठ आहे, ते नको. नेमकी भीती कशाची होती आणि पाय कशामुळे उचलला, ते लिहा. शेवट चांगला नसेल तरी लिहा.

*

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? वय ५१, सोलापूरकडचा.

शौचाला रक्त दिसलं की मूळव्याध, हे आमच्याकडे गृहीतच. एसटी स्टँडच्या भिंतीवर दुसरी जाहिरातच नसते. आठ महिने मीही तेच धरून चाललो. इसबगोल, ताक, तिखट बंद. कॅन्सरची भीती मनात आलीच नव्हती, लाज होती. आमचा फॅमिली डॉक्टर शाळेतला वर्गमित्र, रविवारी सोबत बॅडमिंटन. त्याच्यासमोर कुशीवर वळून पँट खाली करायची? शेवटी चाळीस किलोमीटरवरच्या अनोळखी डॉक्टरकडे गेलो, तेही मुंबईचे मेहुणे पोटाच्या आजाराने अ‍ॅडमिट झाले तेव्हा.

कोलोनोस्कोपी. नळी आत जाते त्याचं काही विशेष नाही, गुंगीचं इंजेक्शन देतात, मला काहीही आठवत नाही. खरी परीक्षा आदल्या रात्री. दोन लिटर औषध प्यायचं, चव खारट आणि लिंबाची, नासलेल्या सरबतासारखी. मग रात्रभर संडास आणि मी. आतड्यात १२ मिलिमीटरचा कोंब निघाला, तिथेच कापून काढला. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे जाऊन कॅन्सर होऊ शकला असता अशातला. आता तीन वर्षांनी परत बोलावलंय.

मित्राला कळल्यावर तो भडकला. "तुझं ढुंगण बघायची मला हौस नाही, पण बघितलं असतं ना रे!"

*

वरच्या प्रतिसादावरून. इथे इंग्लंडमध्ये ठरावीक वयानंतर दर दोन वर्षांनी पोस्टाने किट घरी येतं. काडीने शौचाचा नमुना घ्यायचा, छोट्या बाटलीत घालायचा, पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकायचं. डॉक्टर नाही, रांग नाही, पैसे नाहीत. तरी माझं किट अकरा महिने पडून होतं. देवघराच्या खणात. बायको म्हणाली, पाठवा नाहीतर फेका, पण देवाखालून आधी काढा. पाठवलं. काही निघालं नाही.

*

चंद्रपूर जिल्हा, निवृत्त शिक्षक. हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

चहाचं पातेलं उतरवताना हाताला लागलं. फोड आला, पण चटका जाणवलाच नाही. कोपराखाली फिक्कट चट्टा होता, दोन वर्षांपासून असेल, नायटा म्हणून मलम लावत होतो. फोड पाहिला आणि काय ते समजलो. वरोऱ्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला आनंदवन माहीत असतं, चट्टा बधिर असण्याचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. शाळेत मुलांना मीच सांगायचो, कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळतं. स्वतःवर आलं तेव्हा मे महिन्यात, ४५ अंशात, फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरलो. मुलीचं जुळत आलं होतं. रोगाला मी भ्यायलो नव्हतो, पाहुण्यांच्या कानाला भ्यायलो होतो.

सर्वेक्षणाला आलेल्या आशाताई माझी जुनी विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी बाह्या वर करायला सांगितल्या. मी नको म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलंही नाही, फक्त म्हणाल्या, "सर, मंगळवारी दुपारी आरोग्य केंद्रात गर्दी नसते."

मंगळवारी गेलो. डोळे मिटायला लावले, रिफिलच्या टोकाने इथे-तिथे टेकवलं, जिथे लागतं तिथे बोट ठेवायला सांगितलं. चट्ट्यावर टेकवलेलं एकदाही कळलं नाही. सहा महिने गोळ्या, पाकिटावर दिवसांप्रमाणे मांडलेल्या. महिन्यातून एक डोस त्यांच्यासमोर घ्यायचा, त्या दिवशी लघवी लाल होते. हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर तेवढ्यानेच मेलो असतो. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याचा प्रश्नही लवकर मिटतो, म्हणून लग्नात बिनधास्त वावरलो. चट्ट्यावर संवेदना पूर्ण आली नाही, पण बोटं शाबूत आहेत. जावयाला अजून माहीत नाही.

*

माझ्या वडिलांचं लिहितो. सांगली जिल्हा, ऊसवाले. तंबाखू चुना चाळीस वर्षं.

गालाच्या आत पांढरा डाग होता, नंतर जखम झाली. त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले तेव्हा आई म्हणाली, दात गेले त्यांचे. दात होते सगळे. तोंड उघडत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी दाखवलं, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. दादांचं एकच जात होतं.

मी पुण्याहून फोनवर ओरडायचो. त्याने ते आणखी मिटले. आज वाटतं, ओरडण्याऐवजी एसटीत बसून गेलो असतो तर दोन महिने वाचले असते. आजारापेक्षा खर्चाला भीत होते ते. महात्मा फुले योजनेत उपचार होतात हे त्यांना गावात कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. परळला टाटात ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत आम्ही राहिलो. तिथे दादा इतर पेशंटांना खुणा करून सांगायचे, घाबरू नका. सव्वा वर्ष मिळालं त्यांना.

एवढंच.

*

तालुक्याच्या गावी २६ वर्षं प्रॅक्टिस करतो. पेशंट सर्दीचं सांगतो, चिठ्ठी घेतो, उठतो, चप्पल घालतो आणि दारातून म्हणतो, "आणि डॉक्टर, ते एक जरा..." खरा आजार तिथे असतो. मी आता पेशंट उठला तरी पेन खाली ठेवत नाही.

पण शहाणपण दुसऱ्यांपुरतं. तीन वर्षांपूर्वी सकाळी ओपीडीत छातीवर दडपण, घाम. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली आणि पुढचा पेशंट आत बोलावला. असे चार पेशंट तपासले. आमच्या सिस्टरने न विचारता ईसीजीचं मशीन ढकलत आणलं आणि पेशंटला म्हणाली, "काका, जरा बाहेर बसा, साहेबांना झोपायचंय." कागद बाहेर आला तो मीच वाचला. दुसऱ्या कोणाचा असता तर त्या क्षणी १०८ ला फोन केला असता. मी मात्र म्हणालो, अर्ध्या तासाने परत काढू. सिस्टरने ऐकलं नाही, फोन लावलेला होता. एक स्टेंट. ती अजून माझ्याकडेच आहे, पगारवाढ मागत नाही, मीच देतो.

*

सगळं वाचलं. माझं अजून झालेलं नाही. वय ५५, पाळी जाऊन चार वर्षं झाली. दिवाळीपासून तीनदा डाग दिसलाय. घरात सुनेचं बाळंतपण, त्यात माझं कुठे काढू? आणि तपासणीचीच भीती वाटते.

*

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी दाखवायचं, ताई. बऱ्याचदा कारण साधं निघतं, आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली. पण ते घरी बसून ठरवता येत नाही. बहुतेकदा आधी आतून सोनोग्राफी करतात, गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे ते मोजायला. जाड असलं तर तुकडा तपासायला घेतात. डॉक्टरांना आधीच सांगा की भीती वाटते, हळू करा.
(वरचाच, ओपीडीवाला)

*

ताई, मी धागा काढणारी. तुम्ही मुंबईकडे असाल तर सांगा, मी मुलुंडला असते.

*

मी ठाण्यात. आत्ताच फोन केला, गुरुवारी साडेदहाची वेळ मिळालीय. माझ्याकडे जुने रिपोर्ट, फाइल काहीच नाही. चालेल का?

*

चालेल. दहा वाजता स्टेशनबाहेर, तिकीट खिडकीपाशी थांबते. पिशवी आणा, येताना भाजी घेऊ.