अनुभव धागा : सातवी-आठवीच्या पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवताना

मी सुरुवात करते. सदाशिव पेठेत मराठी माध्यमाच्या शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवतेय. परवा आठवीत विचारलं, "कंपासपेटी आणि खोडरबर एकदम सोडलं तर आधी काय पडेल?" सगळा वर्ग ओरडला, "कंपासपेटी!" सोडून दाखवलं. टप् असा एकच आवाज आला. पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही पेटी जरा उशिरा सोडलीत." पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती गप्प बसली, पण पटलेलं नव्हतं. गुरुत्वीय त्वरणाचा ९.८ हा आकडा पोरं बिनतक्रार पाठ करतात, गाडी अडते ती इथे. तुमची कुठे अडली ते लिहा. फसलेलं आधी.

कोथरूड, आठवी
मी अपोलो १५ चा व्हिडिओ दाखवला. १९७१ साली डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर उभं राहून हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम खाली. वाटलं, जिंकलो. मागून आवाज आला, "सर, तिथे गुरुत्वाकर्षण नाहीच ना, म्हणून." मग ती पडली कशाला, हे विचारायचं त्या तासाला मला सुचलं नाही. घरी जाताना कर्वे रोडच्या सिग्नलला सुचलं! दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा हवा आणि गुरुत्वाकर्षण यांची पोरांच्या डोक्यात बसलेली गाठ सुटायला लागली. मग जाड पुठ्ठ्याच्या वहीवर कागदाचा कपटा ठेवून वही आडवी सोडली. कपटा वहीला चिकटल्यासारखा खाली आला. "वहीनं हवा अडवली, सर." अरे, तेच तर सांगतोय!

हडपसर
"हवा वरून दाबते म्हणून आपण उडून जात नाही" म्हणणारे तुमच्याकडेही आहेत का? आमच्याकडे दर वर्षी निघतात.

कसबा पेठ, सातवी ते नववी
बोहरी आळीतून पाच मोठे नट आणि सुतळीचं बंडल आणा. पन्नास रुपयांच्या आत काम होतं. पहिल्या वर्षी मी नट सारख्या अंतरावर बांधले आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सुतळी खाली ठेवलेल्या पत्र्यावर सोडली. टण्... टण्.. टण्. टण्, आवाज जवळजवळ येत गेले. पडणारी वस्तू वेग घेत जाते हे मुलांनी कानांनी ऐकलं. पुढच्या वर्षी अंतरं बदलली. सर्वांत खालचा नट पत्र्याला टेकवून ठेवायचा, बाकीचे त्याच्यापासून २५, १००, २२५ आणि ४०० सेंटिमीटरवर. आता आवाज सारख्या अंतरानं येतात, साधारण पाव सेकंदाला एक. ही अंतरं कुठून काढली, असं एका मुलानं विचारलं. मी काही न सांगता २५ नं भागायला लावलं. १, ४, ९, १६. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. वर्गसंख्या पाठ करून घेणाऱ्या गणिताच्या बाईंना मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला. (पत्रा पातळ घ्या. मी जाड घेतला होता, आवाज बसका आला.)

मी शिक्षक नाही, सातवीतल्या मुलीचा बाबा
मुलीचा प्रश्न होता, "अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते तरंगतात ना?" स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं, हे सांगितलं तर तिला मी थापा मारतोय असं वाटलं. मग पाण्याच्या बाटलीला खाली भोक पाडलं आणि झाकण काढून ठेवलं. हातात धरली की धार लागते. तीच वरून सोडून दिली तर पडताना धार बंद! बाटली आणि पाणी एकाच वेगानं पडत असतात, त्यामुळे पाणी मागे राहत नाही की पुढे धावत नाही. स्थानक आणि आतली माणसंही अशीच एकत्र पडत असतात, फक्त आडवा वेग इतका की पृथ्वीला चुकवत राहतात. तिला पटलं. तिसऱ्या फेरीची बाटली मात्र खालच्या काकूंच्या तुळशीत गेली. "शास्त्र काय ते तुमच्या घरात करा," एवढंच त्या म्हणाल्या. रास्त आहे.

औंध
सहलीला आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, गेलो होतो. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे बघून एकानं विचारलं, "भास्कराचार्य कुठेत? शोध तर त्यांनीच लावला." याला उडवून लावू नये, आणि नुसती मानही डोलवू नये. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात पृथ्वी जड वस्तूंना स्वतःकडे ओढते असं आहे, हे खरं. न्यूटननं १६८७ मध्ये जे दिलं ते वेगळं. ही ओढ अंतराच्या वर्गानं कमी होते आणि चंद्रालाही तीच बांधून ठेवते, असा मोजता येणारा नियम दिला. मुलांना हा फरक कळतो. व्हॉट्सॲपवरच्या काकांना समजावणं जास्त अवघड.

मंडईजवळ राहतो, क्लास घेतो
वस्तुमान आणि वजन यासाठी मी मुलांना मंडईतच पाठवतो. प्रश्न असा : चंद्रावर एक किलो बटाटे घ्यायचे, तर तागडी असलेल्याकडे जाल की इलेक्ट्रॉनिक काट्यावाल्याकडे? तागडीत वजनंही हलकी होतात, म्हणून बटाटे तेवढेच मिळतील. इथून नेलेला काटा मात्र एक किलोला साधारण १६५ ग्रॅम दाखवेल, म्हणजे किलो दिसेपर्यंत भाजीवाला सहा किलो टाकत बसेल. एक पोरगी म्हणाली, "सर, तो तिथे दुकान टाकणारच नाही."

पुन्हा मीच, सदाशिव पेठ
सगळं वाचलं, सुतळी आणलीय. त्या मुलीची बातमी. काल ती आईचा मोबाइल घेऊन आली आणि मला पुन्हा दोन्ही सोडायला लावून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. तिचं बरोबर होतं. मी पेटी खरंच किंचित उशिरा सोडते, माझा डावा हात आळशी आहे. मग तिनं दोन्ही एका पट्टीवर ठेवली आणि पट्टी झटक्यात खाली ओढून काढली. टप्.